गोळीचे शिसे : उत्तर कोकणातील युद्धसामग्रीच्या इतिहासातील एक उपेक्षित प्रकरण

१. विषयाची मर्यादा

मराठ्यांच्या लष्करी इतिहासात तोफा, दारू आणि घोडदळ यांचा जेवढा विचार झाला आहे, तेवढा बंदुकीच्या गोळीचा झालेला नाही. आणि गोळी ज्या धातूची होते त्या शिशाचा तर जवळजवळ नाहीच. याचे एक कारण भाषेतच आहे. जुन्या पत्रव्यवहारात ‘दारूगोळी’ किंवा ‘दारूगोळा’ असा जोडशब्द येतो आणि वाचकाचे लक्ष त्यातील पहिल्या पदावर स्थिरावते. दारूचा कारखाना, दारूची कोठारे, दारूला लागलेली आग यांच्या नोंदी अभ्यासकाला सहज सापडतात. गोळी मात्र गृहीत धरली जाते. वस्तुतः या दोन पदार्थांच्या उपलब्धतेत मूलगामी फरक होता. दारू देशात तयार होत असे. गोळीचा धातू बव्हंशी परक्या जहाजांतून उतरत असे. या फरकाचे राजकीय परिणाम काय झाले असावेत, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

विवेचनाचे क्षेत्र म्हणून वसईचा परिसर निवडला आहे. वसई तालुक्याच्या पूर्व भागातील चांदीप, मांडवी, पारोळ ही गावे एका बाजूस तुंगारेश्वराचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूस तानसेचे खोरे यांच्या टापूत येतात. किनाऱ्यावरून वज्रेश्वरीकडे आणि पुढे घाटाच्या दिशेने जाणारी वाट याच भागातून जाते. वसई जिंकून दिल्यास देवीचे देऊळ बांधीन असा नवस चिमाजी आप्पांनी वज्रेश्वरीस केल्याची परंपरा प्रसिद्ध आहे. विजयानंतर देऊळ उभे राहिले. किनाऱ्यावरचा किल्ला आणि घाटावरचे राज्य यांना सांधणारा हा पट्टा असल्यामुळे युद्धसामग्रीचा प्रश्न येथे फार मूर्त स्वरूपात उभा राहतो. किनाऱ्यावर धातू येतो, आणि त्याची गरज असलेले सैन्य घाटावरून उतरते.

२. धातूचे गुणधर्म आणि त्यांचे लष्करी महत्त्व

शिशालाच गोळीसाठी पसंती का, या प्रश्नाचे उत्तर धातूच्या गुणधर्मांत आहे. शिसे सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. लोखंडाला त्यासाठी सुमारे १,५३८ अंश लागतात. म्हणजे लोखंड ओतण्यास भट्टी, भाता आणि कसबी कारागीर लागतात, तर शिसे छावणीतल्या साध्या चुलीवर लोखंडी पळीत वितळवता येते. शिपायाजवळ दोन पाकळ्यांचा साचा असला की तो आपल्या बंदुकीच्या नळीला बेताची गोळी स्वतः पाडू शकतो. नळ्यांचे व्यास एकसारखे नसण्याच्या काळात ही सोय अमूल्य होती. सरकारी कोठीतून तयार गोळ्या वाटण्यापेक्षा शिशाच्या कांबी वाटणे अधिक सोयीचे, कारण प्रत्येकाची गोळी त्याच्या साच्याप्रमाणेच व्हावी लागे.

दुसरा गुण जडपणाचा. शिशाचे विशिष्ट गुरुत्व सुमारे ११.३, तर लोखंडाचे ७.९ आहे. एकाच आकाराची लोखंडी गोळी शिशाच्या गोळीपेक्षा सुमारे तीन दशांशाने हलकी भरते आणि हवेत तिचा वेग लवकर मंदावतो. तिसरा गुण मऊपणाचा. शिसे नळीला ओरबाडत नाही. गजाने ठासताना ते किंचित दबून नळीत घट्ट बसते. लोखंडाची गोळी वापरता येत नाही असे नाही. ती घडवून वापरता येते, पण तिला लोहार हवा, वेळ हवा, आणि तिने बंदुकीची झीज होते. तात्पर्य, लोखंड हा शिशाला पर्याय होता, परंतु नाइलाजाचा.

३. आयातीची प्राचीनता

शिसे परदेशातून येणे ही अठराव्या शतकातील नवी घटना नव्हे. चांदीपपासून थोड्याच अंतरावर असलेले नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. तेथे अशोकाच्या आठव्या व नवव्या शिलालेखांचे तुकडे सापडले असून, इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात सोपारा व कल्याण या बंदरांचा उल्लेख आहे. त्याच ग्रंथात भडोच येथे उतरणाऱ्या मालाच्या यादीत तांबे व कथील यांच्या जोडीने शिसेही आहे. रोमन लेखक प्लिनी याने तर हिंदुस्थानात तांबे आणि शिसे मिळत नसून तेथील लोक रत्ने व मोती देऊन ते घेतात, असे लिहून ठेवले आहे. हे विधान अतिशयोक्त आहे, कारण राजस्थानातील झावर येथे शिसे, जस्त व रुपे यांच्या खाणी प्राचीन काळीही चालू होत्या. तथापि पश्चिम किनाऱ्याच्या व्यापाऱ्याला जे दिसत होते ते प्लिनीच्या कानी पडले असावे. सातवाहनांनी शिशाची नाणी मोठ्या प्रमाणावर पाडली. यावरून दख्खनेत या धातूचा वापर विपुल होता हे निश्चित. त्यासाठी लागणारा धातू स्थानिक की आयात, हा प्रश्न वेगळा.

आयुर्वेदात शिशाला ‘नाग’ आणि कथिलाला ‘वंग’ म्हणतात, आणि दोहोंच्या शोधनाचे विधी सांगितलेले आहेत. म्हणजे धातू म्हणून शिसे आपल्याकडे सुपरिचित होते. त्याचे वितळवणे, गाळणे, मळ काढणे या क्रिया कोणाला शिकवाव्या लागत नव्हत्या. उणीव ज्ञानाची नव्हती, खनिजाची होती. महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग बेसाल्ट खडकाचा आहे. त्यात शिशाच्या खनिजाचे उपयुक्त साठे नाहीत. सह्याद्रीच्या राज्याला किल्ल्यासाठी दगड मुबलक मिळाला, परंतु त्याच दगडाने गोळीचा धातू नाकारला.

४. पुरवठ्याचे मार्ग

सतराव्या व अठराव्या शतकांत शिसे मिळवण्याचे मुख्य मार्ग तीन होते. पहिला उत्तरेकडील खाणींचा. झावरखेरीज अजमेरजवळ तारागडच्या डोंगरात शिशाच्या खाणी होत्या. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अजमेर दीर्घकाळ मराठ्यांच्या, विशेषतः शिंद्यांच्या ताब्यात होते. त्यामुळे उत्तरेतील मराठी फौजांची स्थिती कोकणातील फौजांपेक्षा निराळी होती हे लक्षात ठेवले पाहिजे. अजमेर १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेल्यावरही या खाणी काही काळ चालल्या. त्यांचे मुख्य गिऱ्हाईक अजमेरचा लष्करी दारूखाना होता. ती मागणी थांबताच १८४६ मध्ये खाणी बंद पडल्या. देशी शिशाचा व्यवसाय गोळीवर किती अवलंबून होता याचे हे बोलके उदाहरण होय. परंतु १७३७ ते १७३९ या काळात अजमेर मराठ्यांच्या हाती नव्हते, आणि तेथून वसईपर्यंत खुष्कीने शिसे आणणे खर्चाचे होते.

दुसरा मार्ग युरोपीय वखारींचा. इंग्लंडात, विशेषतः डर्बिशायर परगण्यात, शिशाचे उत्पादन मोठे होते. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे हिंदुस्थानातून कापड, मिरी यांसारखा हलका व मौल्यवान माल नेत. येताना मात्र त्यांच्याकडे विकण्याजोग्या वस्तू थोड्या असत. लोकरी कापड येथे फारसे खपत नसे. शिसे जड असल्याने तळात भरले की जहाजाला स्थैर्य देई आणि बंदरात उतरले की विकलेही जाई. अशा रीतीने जहाजाचा तोल सांभाळणारा धातू सुरत, मुंबई, राजापूर, कारवार येथील बाजारांत पोचला. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७३ च्या सुमारास सुरतेच्या फ्रेंचांकडून ८० तोफा आणि आपल्या बंदुकांना पुरेल एवढे शिसे विकत घेतले, असे जुन्या इंग्रजी इतिहासग्रंथांत नमूद आहे. तोफांच्या बरोबरीने शिशाचा वेगळा उल्लेख व्हावा, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

हा व्यापार निव्वळ व्यापार कधीच नव्हता. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रज वखारवाल्यांनी सिद्दी जौहरला तोफगोळ्यांची मदत केली आणि त्याचे प्रायश्चित्त म्हणून पुढील वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूरची वखार लुटली. युद्धसामग्री विकणारा व्यापारी ती कोणाला विकतो, यावरून तो मित्र की शत्रू हे ठरत असे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त (१७१५ च्या सुमारास) टोपीकर व्यापारी इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांना समुद्रकाठी पक्की जागा देऊ नये, असा जो इशारा आहे, त्याच्या मागे हा अनुभव आहे. त्याच ग्रंथात दारूखाना घरापासून दूर असावा, हवालदाराने ठरावीक दिवसांनी स्वतः जाऊन दारू वाळवून घ्यावी, अशी बारकाईची शिस्त सांगितली आहे. राज्याला आपल्या हाती असलेल्या वस्तूची शिस्त लावता येते. जी वस्तू परक्याच्या गोदामात आहे तिच्याविषयी केवळ सावधगिरी बाळगता येते. ‘आज्ञापत्रा’तील ही दोन प्रकरणे एकत्र वाचल्यास हा भेद स्पष्ट होतो.

तिसरा मार्ग मोडीच्या शिशाचा, म्हणजे एकदा वापरलेला धातू पुन्हा गाळण्याचा. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

५. वसईच्या मोहिमेतील स्थिती

मार्च १७३७ च्या अखेरीस मराठी फौजा साष्टीत शिरल्या आणि ठाणे हस्तगत झाले. त्याच वर्षी अर्नाळा घेतले गेले. १७३८ च्या अखेरीस ठाणे परत घेण्याचा पोर्तुगीजांचा प्रयत्न फसला व त्यांचा सेनानी पेद्रो द मेलो त्यात मारला गेला. जानेवारी १७३९ मध्ये माहीम व तारापूर पडले. तारापूरच्या लढाईत बाजी भीवराव रेठरेकर हा नामांकित सरदार गोळी लागून ठार झाला. फेब्रुवारीपासून वसईचा वेढा आवळत गेला, मे महिन्यात सुरुंगांनी तट फुटला, १६ मे रोजी तह झाला आणि २३ मे रोजी पोर्तुगीज किल्ल्याबाहेर पडले. सुमारे दोनशे वर्षांच्या पोर्तुगीज सत्तेचा उत्तर कोकणात असा शेवट झाला.

या घटनाक्रमात मुंबईच्या इंग्रजांची भूमिका प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. ठाण्यावरील पोर्तुगीजांचा हल्ला फसला तो इंग्रजांनी मराठ्यांना आगाऊ सूचना आणि दारूगोळी पुरवल्यामुळे, अशी तक्रार पोर्तुगीजांच्या बाजूने झाली. उलट वसईचा वेढा पडल्यावर पोर्तुगीजांनी मुंबईकडे मदत मागितली, तेव्हा इंग्रजांनी त्यांना दारू व गोळे दिले, सैन्य मात्र दिले नाही. रोख रकमेची निकड लागली तेव्हा १५,००० रुपयांचे कर्ज मिळाले तेही चर्चमधील चांदी आणि पितळी तोफा तारण ठेवून. वेढा उठताच, जुलै १७३९ मध्ये, कॅप्टन इंचबर्डमार्फत इंग्रजांनी मराठ्यांशी तह करून व्यापाराच्या सवलती मिळवल्या.

या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे निष्कर्ष अटळ होतो. तटाच्या आत आणि बाहेर लढणाऱ्या दोन्ही पक्षांची सामग्री एकाच बंदराशी निगडित होती. पोर्तुगीजांची स्थिती याबाबतीत मराठ्यांपेक्षा चांगली नव्हती. गोवा स्वतःच संकटात होता, लिस्बन दूर होते, आणि समुद्रमार्गावर आंग्रे होते. युरोपीय असल्यामुळे पोर्तुगीजांना युरोपीय धातू आपोआप मिळत होता, ही समजूत टिकण्याजोगी नाही. त्यांनाही तो मुंबईत, किंमत देऊन अथवा तारण ठेवून, घ्यावा लागला.

६. प्रमाणाचा हिशेब

शिशाची गरज नेमकी किती, याची कल्पना आल्याखेरीज या अवलंबित्वाचे वजन ठरवता येणार नाही. पुढील आकडे प्रत्यक्ष नोंदींचे नसून गुणधर्मांवरून केलेल्या हिशेबाचे आहेत, हे प्रारंभीच स्पष्ट केले पाहिजे.

१४ मिलिमीटर व्यासाच्या शिशाच्या गोळीचे वजन सुमारे १६ ग्रॅम, म्हणजे सुमारे १.४ तोळे भरते. इंग्रजी फौजेच्या जाड नळीच्या बंदुकीची गोळी याच्या जवळजवळ दुप्पट, सुमारे ३२ ग्रॅमची असे. ८० तोळ्यांचा पक्का शेर आणि ४० शेरांचा मण धरल्यास एका मणात पहिल्या प्रकारच्या सुमारे २,३०० आणि दुसऱ्या प्रकारच्या सुमारे १,१७० गोळ्या होतात. समजा, १,००० बंदूकवाल्यांनी एका दिवसात प्रत्येकी १० गोळ्या झाडल्या, तर लहान गोळीच्या हिशेबाने सुमारे साडेचार मण शिसे खर्ची पडेल. हे ओझे दोन बैलांच्या पाठीवर मावते. तीन महिन्यांच्या वेढ्यात असा मारा सरासरी दर तिसऱ्या दिवशी झाला असे मानल्यास एकूण गरज सुमारे १३० मणांची, म्हणजे पाच टनांच्या आतबाहेर होते.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की वाहतूक ही शिशाची खरी अडचण नव्हती. पाच टन धातू म्हणजे पन्नासेक बैलांचा एक लहानसा तांडा. एवढा माल वाहून नेणे मराठी फौजेला मुळीच कठीण नव्हते. चांदीप-पारोळच्या वाटेने धान्य यापेक्षा कितीतरी अधिक वाहिले जात असणार. दुसरी अशी की, गरज लहान असल्यामुळेच विकणाऱ्याचे सामर्थ्य मोठे होते. एका जहाजाच्या तळातील शिसे एका वेढ्याला पुरे. ते कोणाला द्यावे, कोणाला नाकारावे, हा निर्णय वखारीतील मूठभर माणसांच्या हाती राही. धान्य हजारो शेतकऱ्यांकडून मिळत असल्याने ते कोणी एकजण अडवू शकत नाही. शिसे अडवता येते. युद्धसामग्रीच्या इतिहासात परिमाणापेक्षा पुरवठादारांची संख्या अधिक निर्णायक ठरते, असे यावरून म्हणता येईल.

७. मोडीचे शिसे

अशा परिस्थितीत वापरलेले शिसे परत मिळवणे याला महत्त्व येते. गंधक व सोरा जळून जातात. झाडलेली दारू कायमची गेली. झाडलेली गोळी मात्र चपटी होते, तिचा धातू नष्ट होत नाही. मैदानी लढाईत ती विखुरते आणि सापडणे दुरापास्त होते. वेढ्यात परिस्थिती वेगळी असते. मोर्चा आणि तट एकाच जागी आठवडेच्या आठवडे समोरासमोर उभे असतात, आणि एकाने झाडलेली गोळी दुसऱ्याच्या मातीच्या भरावात किंवा तटाच्या पायथ्याशी साचत जाते. शत्रूची गोळी वितळवून आपल्या साच्यात ओतणे हा जगभरच्या शिपायांचा जुना परिपाठ आहे. तांत्रिक दृष्ट्या वसईतही तो अगदी सुलभ होता. शिशाची किंमत पाहता तो टाळण्याचे कारण दिसत नाही.

मोडीचे शिसे गाळण्याची क्रिया साधी असली तरी तिच्यात जोखीम आहे. माती, चिंध्या, गंज यांसह धातू कढईत घातला की हलका मळ वर तरंगतो. थोडी चरबी किंवा मेण टाकून ढवळल्यास राखेत अडकलेला धातू पुन्हा मोकळा होतो आणि मळी पळीने काढता येते. ओलसर तुकडा वितळलेल्या शिशात पडला तर पाण्याची क्षणार्धात वाफ होऊन धातू उसळतो व अंगावर उडतो. कोकणातील दमट हवेत ही भीती नेहमीची. याशिवाय शिशाची धूळ व वाफ शरीरात साचून होणारी विषबाधा आहेच. शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. गोळ्या पाडणाऱ्या माणसांच्या आयुष्यावर याचा परिणाम झाला असणार. इतिहासात मात्र रणांगणावरच्या जखमांचीच गणती होते.

शिसे केवळ शिपायाकडेच असे, असेही नाही. कोळ्यांच्या पाग जाळ्याच्या घेराला शिशाचे मणी लावलेले असतात. त्यांच्या वजनाने जाळे झटकन तळाला जाते. भांड्यांची डाक, वजने, दगडी बांधकामात लोखंडी खिळे पक्के करण्यासाठी ओतलेला धातू, अशा अनेक रूपांत शिसे समाजात वावरत होते. एखाद्या प्रदेशात धातूचा असा साठा विखुरलेला असला की संकटकाळी तो गोळीच्या साच्यात येऊ शकतो, आणि शांततेत गोळी पुन्हा जाळ्याचा मणी होऊ शकते.

या संदर्भात वसईच्या घंटांशी तुलना उद्‌बोधक ठरते. वसई परिसरातील चर्चांच्या काशाच्या घंटा विजयानंतर मराठी मुलखात नेल्या गेल्या. नाशिकचे नारोशंकराचे मंदिर, भीमाशंकर, मेणवली येथे त्या आजही दिसतात. नारोशंकर मंदिराच्या घंटेवर १७२१ हे वर्ष आहे. काशाची घंटा वितळवून तोफ ओतता आली असती, तरी तिचे रूपच मोलाचे मानले गेले आणि ते जपले गेले. शिशाला रूप नसते. ज्या शिशाने वसई लढली गेली त्याचा एकही तुकडा ‘हे त्या मोहिमेतले’ म्हणून देवळात टांगलेला नाही. ते पुढच्या गोळीत, पुढच्या जाळ्यात मिसळून गेले. इतिहासकाराच्या दृष्टीतून हा धातू निसटला, याचे खरे कारण हेच असावे.

८. पुरवठ्याकडून परवान्याकडे

शिशावरील नियंत्रण म्हणजे शस्त्रावरील नियंत्रण, ही गोष्ट ब्रिटिश राज्यकर्त्यांनी नीट ओळखली होती. १८५७ नंतर देशाला निःशस्त्र करण्याचे जे धोरण आखले गेले, त्याचे पूर्ण रूप १८७८ च्या शस्त्रास्त्र कायद्यात दिसते. त्या कायद्यातील ‘लष्करी सामग्री’च्या व्याख्येत, सरकार अधिसूचनेने ठरवील त्याप्रमाणे, शिसे, गंधक व सोरा यांचाही अंतर्भाव करण्याची तरतूद होती. बंदूक जप्त करणे पुरेसे नाही. जिच्यापासून गोळी होते तो धातूही कायद्याच्या कक्षेत ठेवला पाहिजे, हा विचार त्यामागे स्पष्ट आहे. वखारवाल्याने विक्री करून अथवा नाकारून जे साधले, ते आता सरकारने परवान्याने साधले.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्रास्त्र कायदा झाला व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. त्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे भाग, तो बनवण्याची यंत्रसामग्री आणि केंद्र सरकार अधिसूचित करील ते घटकपदार्थ यांचा समावेश आहे, आणि दारूगोळा बनवण्यास परवाना आवश्यक आहे. पाश्चात्त्य देशांत, विशेषतः अमेरिकेत, हौशी नेमबाज जुने शिसे गोळा करून घरी गोळ्या पाडतात. आपल्याकडे ही हौस परवान्याशिवाय गुन्हा ठरते. ठासणीच्या बंदुकीने शिकार करणे हा कोकणातील डोंगराळ गावांतील जुना रिवाज होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याचा आधार काढून घेतला, आणि २००३ मध्ये तुंगारेश्वर हे अभयारण्य घोषित झाले. ज्या डोंगराच्या पायथ्याने मराठी फौजांची ये-जा होती, तेथे आता शिशाच्या गोळीला जागा नाही.

धातूचा प्रवाह मात्र थांबलेला नाही, त्याचे स्वरूप पालटले. आज मोडीच्या शिशाचा मुख्य स्रोत म्हणजे वाहनांच्या जुन्या बॅटऱ्या होत. त्यांच्या संकलनासाठी २००१ मध्ये नियम झाले आणि २०२२ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. झावरच्या खाणी विसाव्या शतकात पुन्हा सुरू झाल्या, आणि १९६६ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान झिंक कंपनीकडे त्या आल्या. अठराव्या शतकातील मराठ्यांना जे शिसे समुद्रावरून आणावे लागले, ते आज देशात निघते व देशातच पुन्हा गाळले जाते.

९. उपसंहार

वरील विवेचनावरून मराठ्यांचे राज्य शिशाअभावी दुबळे होते किंवा शिशाअभावी गेले, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. वसई शिशाच्या तुटवड्याने अडली नाही. ती जिंकली गेली. तसेच माधवराव पेशव्यांच्या काळात जुन्नरजवळच्या आंबेगव्हाण येथे तोफगोळ्यांचा कारखाना निघाला, यावरून लोखंडी गोळ्यांबाबत स्वावलंबनाचा प्रयत्न झाला होता हे दिसते. प्रश्न सामर्थ्याचा नसून त्या सामर्थ्याच्या अटींचा आहे. लोखंड, सोरा आणि कारागीर यांच्याबाबतीत पेशव्यांचे शासन हुकूम देऊ शकत होते. शिशाबाबतीत त्याला सौदा करावा लागे. १७३९ मध्ये उत्तर कोकणचा किनारा हाती आल्याने हा सौदा अधिक सोपा झाला, कारण बंदरे आपली झाली. पण बंदरात येणारी जहाजे आपली झाली नाहीत. १७८० मध्ये जनरल गॉडार्डने वसई घेतली, १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती मराठ्यांकडे परत आली, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. विक्रेता आणि शत्रू एकच असण्याचा अर्थ या तीन तारखांतून उलगडतो.

पुढील संशोधनाची दिशाही येथे सुचवता येईल. पेशवे दप्तरातील वसई मोहिमेची निवडक पत्रे गो. स. सरदेसाई यांनी प्रसिद्ध केली असून य. न. केळकरांचा ‘वसईची मोहीम’ हा ग्रंथही उपलब्ध आहे. त्यांतील ‘दारूगोळी’चा प्रत्येक उल्लेख शिशाच्या दृष्टीने पुन्हा वाचणे आवश्यक आहे : मागणी कोणी केली, रवानगी कोठून झाली, मोजमाप मणांत आहे की गोळ्यांच्या संख्येत. कांब पाठवली की गोळी, यावरून साचा कोणाच्या हाती होता हे समजेल. दुसरी दिशा रासायनिक परीक्षणाची. शिशाच्या समस्थानिकांचे प्रमाण खाणीगणिक भिन्न असते. त्यावरून संग्रहालयांतील गोळ्या अजमेरच्या की डर्बिशायरच्या याचा अंदाज बांधता येईल. मात्र मोडीच्या धातूत अनेक खाणी एकत्र मिसळतात, आणि परीक्षणाचे उत्तर संमिश्र येते. हे अपयश समजू नये. एकाच गोळीत दोन देशांचे शिसे आढळले, तर मोडीचा वापर होत होता याचा तोच पुरावा ठरेल. वसईचा किल्ला संरक्षित स्मारक असल्याने तेथील माती उकरणे हा मार्ग अर्थातच नव्हे; आधीच नोंद झालेल्या संग्रहांपासून आरंभ करावा लागेल.

तारापूरच्या तटाखाली बाजी भीवरावाला लागलेली गोळी दोन-तीन तोळ्यांहून अधिक जड नसावी. ती कोणत्या जहाजातून आली, कोणत्या वखारीत तोलली गेली, तिच्या आधी ती कोणत्या रूपात होती, हे प्रश्न विचारण्याची सवय लागली म्हणजे मोहिमेचा इतिहास तटाशी सुरू होऊन तटाशीच संपणार नाही. तो मागे मुंबईच्या गोदामापर्यंत आणि पुढे चांदीपच्या वाटेवरील बैलांच्या तांड्यापर्यंत वाचावा लागेल.